घोड्याचे दात आणि राष्ट्रांचे तह

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या मुहूर्तावर, तापीच्या काठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते; आणि पाळणे, मिठाईची दुकाने व भांड्याकुंड्यांचे ढीग ओलांडून माणूस घोड्यांच्या बाजारात शिरला, म्हणजे मारवाड, काठेवाड, पंजाब अशा दूरदूरच्या मुलखांतून आणलेली आणि अगाडी-पिछाडी बांधून उभी केलेली उमदी जनावरे पाहताना त्याचे भान हरपते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले हे गाव एरवी कापूस, ऊस, पपई आणि केळी यांच्या व्यवहारात मग्न असते. पण यात्रेच्या दिवसांत तिथे एक निराळेच शास्त्र चालते, आणि ते शास्त्र अश्वपरीक्षेचे. बाजारात घटकाभर शांत उभे राहिले की तीन तऱ्हांचे पारखी ओळखू येतात. एक येतो तो थेट जबडा उघडून दात पाहतो, गुडघे चाचपतो, खूर उचलून पाहतो आणि जनावर पळवून त्याची रेवाल चाल निरखतो. विकणारा काय बोलतो याकडे त्याचे लक्ष नसते. दुसरा घोड्याआधी मालकाकडे पाहतो. हा कुठला, किती वर्षे येतो, गेल्या साली याने कुणाला जनावर दिले आणि ते कसे निघाले याची विचारपूस करतो, कारण पुढल्या वर्षी पुन्हा याच बाजारात तोंड दाखवायचे असलेला माणूस सहसा फसवीत नाही हे त्याला ठाऊक असते. आणि तिसरा अंगावरचे भोवरे शोधतो. गळ्याला देवमण आहे का, चारी पाय व तोंड पांढरे असून घोडा पंचकल्याणी ठरतो का, एखादा अशुभ भोवरा तर नाही ना, हे पाहिल्यावाचून तो भावाची गोष्ट काढीत नाही. दात, टापा, छाती सारे निर्दोष असताना केवळ एका भोवऱ्यापायी ज्या घोड्याचे मोल उतरते, त्या घोड्याला स्वतःला त्या भोवऱ्याचा पत्ताही नसतो; ते मोल माणसांच्या मनांत वसते.

गेली शंभर वर्षे जगातल्या विद्यापीठांत 'आंतरराष्ट्रीय संबंध' या नावाने जे शास्त्र शिकवले जाते, त्यातले तीन प्रमुख पंथ म्हणजे राष्ट्रांच्या बाजारातले हे तीन पारखीच होत, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. पहिल्या महायुद्धातल्या संहाराने विषण्ण झालेल्या माणसांनी १९१९ साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन केले, तेव्हा प्रश्न एकच होता, आणि तो म्हणजे राज्ये एकमेकांशी अशी का वागतात आणि त्यांना निराळे वागवता येईल काय. त्यास वास्तववाद्यांनी दिलेले उत्तर दात पाहणाऱ्याचे आहे: बोलण्यावर जाऊ नका, बळ मोजा. उदारमतवाद्यांचे उत्तर मालकाची चौकशी करणाऱ्याचे आहे: व्यवहार, करार, संस्था आणि पुन्हापुन्हा घडणारी गाठभेट यांनी वर्तन सुधारते. आणि गेल्या चाळीस वर्षांत पुढे आलेल्या रचनावाद्यांचे उत्तर भोवरे पाहणाऱ्याचे आहे: शत्रू कोण, मित्र कोण, न्याय्य काय, हे सर्व अर्थ माणसांनीच रचलेले असतात, आणि राज्ये त्या अर्थांना अनुसरून वागतात. या शब्दांनी सामान्य वाचक बिचकतो, आणि हा प्रकार दिल्लीच्या नि वॉशिंग्टनच्या लोकांचा आहे, आपल्या शेताबांधाशी त्याचा काय संबंध, असे म्हणून पान उलटतो. माझे म्हणणे असे, की तापीच्या खोऱ्याने या तिन्ही सिद्धान्तांची फळे त्यांची नावे जन्मण्याच्याही आधीपासून, गेली चारशे वर्षे, भोगली आहेत.

आरंभी एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. या शास्त्राच्या मुळाशी 'अराजक' ही कल्पना आहे, आणि मराठीत या शब्दाला दंगाधोपा, गोंधळ असा अर्थ चिकटला असला, तरी त्याची व्युत्पत्तीच शास्त्राला हवा तो अर्थ देते: राजा नसणे. बाजारात सौद्यावरून तंटा झाला, तर पंच आहेत, पोलीस आहेत, शेवटी न्यायालय आहे. दोन राष्ट्रांच्या तंट्यात वरचढ कचेरी कुठलीच नाही. याच जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. नर्मदेच्या पाण्यावरून गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्यात वाद झाला, तेव्हा केंद्राने नेमलेल्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला. त्या निवाड्यानुसार उभ्या राहिलेल्या धरणाच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतल्या आदिवासींची गावे गेली, त्यांचे दुःख आजही शमलेले नाही, पण निवाडा चारही राज्यांवर बंधनकारक राहिला, कारण त्यांच्या डोक्यावर एक प्रजासत्ताक होते. उलट सिंधू नदीचा करार पाहा. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० साली भारत व पाकिस्तान यांच्यात झालेला हा करार १९६५, १९७१ आणि १९९९ अशी तीन युद्धे होऊनही टिकला, ही उदारमतवाद्यांना अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट खरी. परंतु पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला, तेव्हा त्याला तसे करण्यापासून अडवील असा कोणी धनी पृथ्वीवर नव्हता. शांतिपर्वात ज्याला मात्स्यन्याय म्हटले आहे, तो या पोकळीतूनच जन्मतो.

आता घोड्यांकडे वळू, कारण वास्तववाद समजावून देण्यास दक्षिणेतल्या घोड्यांच्या व्यापारासारखे दुसरे साधन नाही. दक्षिणेत उत्तम युद्धाश्वांची पैदास पुरेशी होत नसे, म्हणून अरबस्तान व इराण येथून ते समुद्रमार्गे आणावे लागत, आणि घोडदळावाचून राज्य टिकत नसे. म्हणजे घोडा हे जनावर नव्हते, ते सामर्थ्याचे परिमाण होते. गोवे हाती असलेल्या पोर्तुगीजांनी हे अचूक ओळखले. १९ सप्टेंबर १५४७ रोजी त्यांचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रू याने विजयनगरशी तह केला, त्यात मुख्य कलम असे, की गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच जातील, विजापूरच्या आदिलशाहीस एकही मिळणार नाही, आणि त्याच्या बदल्यात विजयनगरने ते सर्व खरेदी करावेत. तहात मैत्रीची भाषा आहे, परंतु तिचे मर्म शेजाऱ्याची पागा रिकामी ठेवण्यात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने अतिप्रगत संगणकीय चिप चीनला जाऊ नयेत असे निर्बंध घातले, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने विद्युत्‌मोटारींपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सर्वत्र लागणाऱ्या दुर्मिळ मृदा-धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट लादली, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यास नव्या युगाचे शस्त्र म्हटले. मला मात्र मांडवीच्या धक्क्यावर उतरणारे ते अरबी घोडे दिसू लागले.

पुढे काय झाले तेही याच सूत्रात बसते. विजयनगरचा रामराया दख्खनच्या सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवीत इतका प्रबळ झाला, की ज्यांचे आपसांत क्षणभरही पटत नसे असे अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडे आणि बीदर एक झाले, आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत त्यांनी त्या साम्राज्याचा कणा मोडला. अमेरिकन पंडित केनेथ वॉल्ट्झ याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच नियम मांडला आहे: डोक्यावर राजा नसलेल्या जगात कुणी एक फार बलवान होऊ लागला, की इतर त्याच्याविरुद्ध आपोआप एकवटतात, आणि त्यासाठी त्यांच्यात प्रेम असावे लागत नाही. तालिकोटनंतर गोव्याचा घोड्यांचा व्यापार ओसरला, कारण त्यांचे मोठे गिऱ्हाईकच उरले नाही. शस्त्र विकणाऱ्याला शेवटी युद्धाचा निकाल भोवतो, ही बाब त्या १५४७ च्या तहात कुणी लिहिली नव्हती.

परंतु हा नियम आपोआप चालतो असे म्हणणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौज शरण आली, तरी त्यांचा धोका संपला नाही हे नाना फडणविसांनी जाणले, आणि १७८० साली त्यांनी जे जुळवून आणले ते सत्तासमतोलाच्या राजकारणाचा उत्तम नमुना होय: ज्याच्याशी मराठ्यांनी पिढीभर लढाया केल्या तो हैदर अली, ज्याला उदगीर व राक्षसभुवन येथे पाणी पाजले तो निजाम, आणि नागपूरकर भोसले, असे पुणे दरबारासह चौघे इंग्रजांविरुद्ध एका मसलतीत आले. हैदरने त्याच वर्षी सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रजांची एक तुकडी नामशेष केली. परंतु इंग्रजही तसेच कुशल. निजामास गुंटूर परत देऊन आणि भोसल्यांस पैसा चारून त्यांनी चौकडीतले दोन गडी निष्क्रिय केले. तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहाने पुण्याची राज्यव्यवस्था आणखी वीस वर्षे सुरक्षित राहिली, याचे श्रेय महादजी शिंद्यांच्या मुत्सद्देगिरीइतकेच त्या चौकडीलाही दिले पाहिजे.

आणि तरी १७९० साली तेच नाना इंग्रज व निजाम यांच्याशी टिपू सुलतानाविरुद्ध तह करतात. कारणे समजण्याजोगी होती: टिपूने नरगुंद, बदामीच्या बाजूचा मराठी मुलूख उपद्रवाने जर्जर केला होता, जखम ओली होती, आणि कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबाचा लोभ जुना होता. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे अर्धे राज्य तिघांत वाटले गेले आणि मराठ्यांची सीमा तुंगभद्रेस भिडली. त्या स्वारीतल्या मराठी सरदारांना टिपूचा समूळ उच्छेद नको होता, एवढे दूरदर्शित्व शिल्लक होते. पण तोल गेला तो गेलाच. १७९९ मध्ये टिपू पडला. त्याआधीच, १७९८ साली, निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला होता. आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईचा तह करून स्वतःची मान त्याच जोखडाखाली दिली. कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तात सीमेला लागून असलेला तो अरि, त्याच्या पलीकडला तो मित्र. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव ही सहा गुणांची यादी तर अलीकडे प्रत्येक वक्त्याच्या तोंडी असते, म्हणून ती इथे विस्ताराने सांगत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की ते मंडल जमिनीवर काढलेले होते, त्यात समुद्र नव्हता. शेजारचा टिपू त्या आकृतीत नेमका शत्रूच्या जागी पडला. सात समुद्रांपलीकडच्या ईस्ट इंडिया कंपनीला तिच्यात घरच नव्हते. सर्वांत जवळचा वैरी आणि सर्वांत मोठे संकट ही दोन नेहमी एकच असतात असे नाही, आणि हा भेद चुकला की उत्तम सिद्धान्तही माणसाला भलत्या रणांगणावर नेऊन उभा करतो.

कंपनीचे नाव निघाले, तेव्हा तिचा पहिला मोठा वकील याच खोऱ्यातून गेला होता हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने जहांगीर बादशहाकडे पाठवलेला सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला आणि नंदुरबारवरून, खानदेशातून वाट काढीत बऱ्हाणपुरास शाहजादा परवेझच्या भेटीस गेला. सुरत-बऱ्हाणपूर हा त्या काळचा राजरस्ता तापीच्याच आश्रयाने चालत असे. पुढे अजमेरच्या दरबारात बादशहाने त्याच्याकडे मागितले काय, तर विलायती घोडा. रोने सांगितले, की समुद्रातल्या वादळांत घोडा तग धरणार नाही; त्यावर जहांगीर म्हणाला, की सहा घोडे जहाजावर चढवा, एखादा तरी जगेल, आणि तो हडकुळा होऊन आला तर मी इथे चारून पुष्ट करीन. ही हकीकत रोच्याच रोजनिशीत आहे. तिच्यात बादशाही हौस दिसते. पण मला तिच्यात त्या राज्याचे मनही दिसते, ज्याच्या हिशेबात वाटेत मरणाऱ्या पाच घोड्यांना जागा नव्हती.

रोला हवा होता पक्का तहनामा, तो त्याला मिळाला नाही. दरबार फर्मान देई, ते धन्याच्या मर्जीने दिलेले आणि मर्जीने काढून घेता येणारे. या अनुभवानंतर १६१६ साली त्याने कंपनीला जो उपदेश लिहून पाठवला तो उदारमतवादाच्या इतिहासात मोलाचा आहे. त्याचा आशय असा, की नफा हवा असेल तर तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारात शोधा. हिंदुस्थानात किल्ले, ठाणी आणि जमिनीवरच्या लढाया यांच्या नादी लागू नका, पोर्तुगीज आपल्या ठाण्यांच्या खर्चानेच कंगाल झाले. पुढे १७९५ साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने शाश्वत शांततेविषयी जे लिहिले, किंवा पहिल्या महायुद्धाच्या चारपाच वर्षे आधी नॉर्मन एंजेलने आधुनिक व्यापाराच्या युगात जेत्यालाही युद्ध परवडत नाही असे जे मांडले, त्याचा व्यवहारी पूर्वज म्हणून रो याच्याकडे बोट दाखवता येईल. रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉडने १९८४ मध्ये गणिताच्या आधारे दाखवले, की पुन्हापुन्हा भेटायचे असेल तर स्वार्थी पक्षसुद्धा सचोटीने वागू लागतात. सारंगखेड्याच्या दुसऱ्या पारख्याचे शहाणपण तेच.

आणि तरी त्याच कंपनीने दीडशे वर्षांच्या आत बंगाल जिंकला. शांततेचा व्यापारी एकाएकी राजा कसा झाला, हा प्रश्न उदारमतवादाला अडचणीचा आहे. पण त्याचे उत्तर एका मराठी मुत्सद्द्याने आधीच देऊन ठेवले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात सावकारांचे महत्त्व मोकळ्या मनाने मान्य केले आहे, परदेशी व्यापारी यावेत, राहावेत असे म्हटले आहे. मात्र टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, अमात्य सावध करतात: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी एकेक राज्य उभे आहे, म्हणून यांना समुद्रकाठी वा खाडीवर जागा देऊ नये, द्यावी लागली तर ती आत, गावाच्या नजरेखाली द्यावी, आणि इमारत पक्की होऊ देऊ नये. आज एखादी परदेशी कंपनी आपल्या बंदराचे वा दूरसंचाराच्या जाळ्याचे काम मागते, तेव्हा दिल्लीत जी चर्चा चालते, तिच्याइतकेच स्पष्ट हे वाचन आहे. अमात्यांना व्यापार नको होता असे नाही. व्यापाऱ्यामागे कोण उभा आहे हे त्यांना पाहायचे होते.

व्यापाराने जोडलेले जग सर्वांना सारख्याच सूत्राने जोडते काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो या खोऱ्याच्या काळ्या मातीने फार तीव्रतेने विचारला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जिचा तीन चतुर्थांशांहून अधिक आधार होता ती अमेरिकन रुई अडकली. पाहता पाहता खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात येथील कापसाला सोन्याचा भाव आला, शेतकऱ्याच्या दारी सावकार हात जोडून येऊ लागला, मुंबईत शेअरांच्या सट्ट्याने लोकांची मती फिरली. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, भाव कोसळले, आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र उतरली नाहीत. ज्या लढाईत आपला एकही माणूस नव्हता, तिच्या आरंभाने हा शेतकरी चढला आणि तिच्या अखेरीने पडला. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रातून इंग्रजांच्या राज्यात देशाचे धन कसे बाहेर वाहते हे निर्भीडपणे लिहिले होते. दादाभाई नवरोजींनी १९०१ च्या आपल्या ग्रंथात त्याचा आकडेवार हिशेब मांडला. आणि लॅटिन अमेरिकेतल्या पंडितांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंद्र व परीघ यांचा जो परावलंबन-सिद्धान्त प्रतिपादला, त्याची बीजे मुंबई इलाख्यात त्याच्या शंभर वर्षे आधी पेरली गेली होती. आपल्या विद्यापीठांतून हा सिद्धान्त लॅटिन अमेरिकेच्या नावाने शिकवतात आणि तर्खडकरांचे नाव विद्यार्थ्याच्या कानी पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही जुनी कहाणी म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्यातला निम्मा भाग रशियाकडून तेल घेतल्याबद्दलचा दंड होता. तिकडे मागणी आटणाऱ्या वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ती माफी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका तो हंगाम, ज्यात खानदेशातल्या शेतकऱ्याचा कापूस वेचून बाजारात येतो. युक्रेनमधले युद्ध, मॉस्कोचे तेल, वॉशिंग्टनचा रोष, तिरुप्पूर नि सुरतेची गिरणी, आणि शहाद्याच्या एखाद्या बांधावरची कापसाची गोणी, असा हा एक सलग धागा आहे. दात पाहणारा म्हणेल, की बलिष्ठाने दंड केला आणि सरकारने राष्ट्राचे हित पाहिले. मालकाची चौकशी करणारा म्हणेल, की बोलणी चालू आहेत, व्यवहार मोठा आहे, मार्ग निघेल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गोणीच्या मालकाचे काय, हे विचारणारा कुणी असला पाहिजे, आणि राष्ट्राला एकसंध देह मानणाऱ्या सिद्धान्तांना तो प्रश्न सुचत नाही.

आता उरला भोवरा. अलेक्झांडर वेंट या रचनावादी पंडिताने १९९२ साली असे प्रतिपादले, की अराजकाला स्वतःचा असा काही स्वभाव नसतो. राज्ये त्यातून जे घडवतील ते ते होते. त्याचे एक उदाहरण मार्मिक आहे: ब्रिटनजवळ शेकडो अण्वस्त्रे असून अमेरिकेची झोप उडत नाही, उत्तर कोरियाजवळच्या मूठभर अस्त्रांनी मात्र उडते. अस्त्र तेच, स्फोट तोच. निराळा आहे तो दोघांविषयी मनात मुरलेला अर्थ. वास्तववादी म्हणतील, की हा शब्दांचा खेळ. मीही पुष्कळ दिवस तसेच समजत होतो. परंतु सारंगखेड्याहून तापीच्या वरच्या अंगाला, आजच्या शिरपूर तालुक्यात, थाळनेर म्हणून गाव आहे, तिथला वृत्तान्त वाचल्यापासून माझे मत पालटले.

थाळनेर ही एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी. त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत, आणि नदीकाठी किल्ल्याचे अवशेष. १८१८ साली तो किल्ला होळकरांचा होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने अल्पवयीन मल्हारराव होळकराच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला सर्व मुलूख इंग्रजांना तोडून दिला, त्यात थाळनेर आले. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज किल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. तहाची बातमी किल्लेदाराला पोचवली होती, प्रतिकार केल्यास बंडखोर समजू अशी ताकीदही दिली होती, असे इंग्रजांचे म्हणणे. किल्ल्यावरून तोफा सुटल्या हे खरे. तोफांचा मारा झाल्यावर बोलणे लागले, दरवाजे एकामागून एक उघडले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला; इतक्यात आतल्या दरवाजाशी गोंधळ उडून काही इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग सुमारे तीनशे शिबंदीची सरसकट कत्तल झाली. त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिले.

ख्रिस्तपूर्व ४१६ मध्ये अथेन्सच्या वकिलांनी मेलोस बेटाच्या पंचांना न्यायाचा विषय काढूच नका असे बजावले, आणि पंचांनी ऐकले नाही तेव्हा बेटावरचे पुरुष मारून बायकामुले गुलाम केली. थुसिडिडीजच्या इतिहासातला तो प्रसंग वास्तववादाचे प्रत्येक पुस्तक सांगते. थाळनेरला मात्र न्यायाचा विषय काढला गेला, आणि तो बलवानानेच काढला. शत्रूच्या किल्लेदाराला फाशी देता येत नाही, तो युद्धकैदी असतो. फाशी देता येते ती बंडखोराला, म्हणून आधी तो बंडखोर ठरावा लागला. मंदसोरला शिक्कामोर्तब होईपर्यंत तो खाल्ल्या मिठाला जागणारा इमानी चाकर होता; त्यानंतरच्या बावन्न दिवसांत त्याने जागा बदलली नाही, धनी बदलला नाही, तोफाही होत्या त्याच; दूर माळव्यात एका कागदावर त्याच्या पायाखालच्या जमिनीचे नाव बदलले आणि त्याच्या इमानाचा गुन्हा झाला. १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात त्या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीविषयी सभासदांनी प्रश्न विचारले, म्हणजे ज्यांनी जग जिंकत आणले होते त्यांनाही तो भोवरा दिसला आणि टोचला. थाळनेरला त्या प्रश्नांची खबर कधी आली असेल, तर ती सुरतेहून वर येणाऱ्या त्याच जुन्या वाटेने, नंदुरबारवरून, तापी उजव्या-डाव्या हाताला ठेवीत आली असेल. तोवर किल्ल्यावर दुसरे निशाण लागून वर्ष उलटून गेले होते.